खाडा

रात्री बाराच्या आत कळवायचंय, घेताय की नाही.
किसिमीतल्या या भाड्याच्या खोलीत
फ्रिज घरघरतोय, काचेला बाहेरून पाल चिकटलीय,
आणि लांबवर नऊचे फटाके सुरू झालेत.
आपली तिकिटं उद्यापासूनची, आवाज तेवढा आज फुकट.

मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपात तक्ता.
माणसं पाच, दिवस चार.
दररोज एक बसून जेवण, एक उभ्याउभ्याचं, एक खाऊ,
शिवाय प्लास्टिकचा पेला, कितीही वेळा भरून घ्या.
निशिकांत म्हणतो, घेऊन टाक, डोकं शांत राहील.
चौदा डॉलरचा पिझ्झा बघून
तुझा चेहरा कसा होतो, मला माहितीय.
खरंय. होतो तसा.

पण चार्वी जेवते म्हणजे
तीन फ्राइज आणि दुसऱ्याच्या ताटातली काकडी.
तनयला गेल्या मंगळवारी दहा पूर्ण झाली,
म्हणून जेवणाच्या यादीत तो प्रौढ.
मोठ्या पाळण्याला मात्र दोन बोटं कमी पडतो,
डेटनला घरी दाराला पाठ लावून मोजलंय आम्ही.
आई, मी नक्की मोठा की लहान?
पैसे भरायला मोठा, बाळा.

अण्णांना मी सगळा तक्ता वाचून दाखवला.
त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सवयीनं
पायजम्याला पुसला, आणि एवढंच विचारलं,
"खाडा धरतात का?"

निशिकांत हसला.
त्याला कधी खाणावळ लागलीच नाही.

इचलकरंजीला सूतगिरणीत अण्णा हिशेब लिहायचे,
जेवायला तवनाप्पांकडे, महिन्याचे पैसे आगाऊ.
दिवेलागणीच्या आत पंगत उठायची
आणि गिरणीतनं सुटायला कधीकधी आठ.
आधी कळवलं तर खाडा, वहीत बारीक फुली.
न कळवता चुकलात तर ताट तुमच्याच नावावर.
"मी कळवायचो नाही कधी," अण्णा म्हणाले,
"विसरायचो. किंवा लाजायचो.
पण महिनाअखेर वहीत फुल्या असायच्याच.
मी म्हणायचो, तवनाप्पा, हे कसं?
ते म्हणायचे, तुम्हीच सांगितलं होतं की."

मी नियम पुन्हा उघडले. बारीक अक्षरांत
खाली, पार खाली:
न वापरलेली जेवणं शेवटच्या मध्यरात्री संपतील.
कोण संपवतं, ते लिहिलेलं नाही.

मग मला परवाची दुपार दिसली.
पस्तीस अंशाचं ऊन, चार्वी ढकलगाडीत झोपलेली,
तिला उठवून मी रांगेत नेतेय,
कारण वसूल व्हायला हवं.
शेवटच्या रात्री काउंटरवर उरलेले अकरा खाऊ,
आम्ही पाचजण हात भरून उभे,
भूक कुणालाच नाही.
आणि अण्णा, जे अर्ध्या पोळीवर उठतात,
पूर्ण माणसाच्या दरात.

पण न घेण्यातही सुख नाहीय.
उद्या प्रत्येक पाण्याच्या बाटलीला
मी मनात वजाबाकी करणार,
आणि निशिकांत माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करणार.
बॅगेत दशम्या आहेत दोन दिवस पुरतील इतक्या,
मेतकूट आहे, छोटा कुकर आहे.
उरलेल्या दिवसांचं उरलेल्या दिवशी.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मी 'नको' दाबलं.
त्यांनी विचारलं, नक्की?
मी पुन्हा दाबलं, जरा जोरात.

पांघरुणातनं आवाज आला,
"म्हणजे पेला पण नाही?"
झोपलाय असं वाटत होतं.
त्याला तेवढाच हवा होता बहुतेक, सगळ्या तक्त्यातनं,
आणि आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

सुटा मिळतो का शोधलं. मिळतो, महाग.
तक्ता पुसून नवी ओळ केली: पेला, एक.
अंधारातनं अण्णा म्हणाले,
"माझ्या नावावर धर."