दहा वेळा हो

नर्स मारेवा म्हणाली, डोळे मिटा.
तिच्या हातात नायलॉनचा धागा होता,
तू गळाला लावतोस तसलाच, बोटभर.
टाचेला, चवड्याला, अंगठ्याच्या पोटाला
टेकवून ती तो वाकवायची.
लागलं की हो म्हणा.

तू दहाही वेळा हो म्हणालास.
त्यातल्या चार वेळा
तिचा हात तिच्या मांडीवर होता.

मी काही बोलले नाही, इओतेबा.
वाढलेलं ताट, मेहुण्याचं मागणं, पाद्र्याचा प्रश्न,
तू कशालाच नाही म्हणत नाहीस.
पण पाय काही पाहुणा नव्हे,
त्याच्याशी कसला आलाय शिष्टाचार?

हेच पाय माडाच्या खाचा
अंधारात मोजत चढायचे.
पहाटे वरून तुझं गाणं यायचं,
नीरेची करवंटी बदलताना सगळेच गातात,
म्हणजे खालच्यांना कळावं, वर माणूस आहे.
मागच्या वर्षी गाणं मध्येच थांबलं.
खाच बुजली बहुतेक, तू उतरून म्हणालास.
मी पोराला वर पाठवलं.
खाच होती तिथेच होती.

आधी मुंग्या आल्या होत्या.
मग रात्रीची आग, चादरीचं टोकही सोसवेना.
मग एक दिवस सगळं शांत झालं
आणि आपण दोघं खूश,
बरं वाटतंय म्हणून मासा तळला.
कुणी सांगितलं नाही,
की रडणारं पोर अचानक गप्प झालं
तर उठून बघायचं असतं.

शिंपल्याची कपची तुझ्या तळव्यात तीन दिवस होती.
तिच्यावर तू चाललास, होडी ओढलीस,
लग्नात नाचलास.
मला दिसला तो चटईवरचा ठिपका,
सुकलेला, नखाएवढा.
ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात.
इथे ज्याचं जळतं त्यालाच कळत नाही,
कळतं शेजारी झोपणारीला, वासावरून.

या बेटावर पायाखालची वाळू रोजच सरकते,
समुद्र नेतो, कधी परत आणून टाकतो.
तुझ्या पायाखालची गेली
आणि तू उभाच.

तेव्हापासून दिवा लागला की पाय माझ्या मांडीवर.
पाणी आधी माझ्या कोपराला, मग तुझ्या टाचेला.
बेचक्यात फडक्याचं टोक, एकेक बोट उघडून.
खोबरेल टाचेवर, बेचक्यात नाही.
तळव्याखाली तुझा दाढीचा आरसा.
भोवरी दिसली तरी तुझा सुरा लपवून ठेवते,
ते काम मारेवाचं.
तू झावळ्यांकडे बघत राहतोस.
सहा पोरं झाली आपल्याला
आणि लाजतोस कशाला, तर पायाला.

आणि ते सँडल, तारावाहून आलेले, मागून पट्ट्याचे.
घालण्याआधी झटकायचे, आत हात घालून बघायचं.
पण मनेआबात सँडल घालून कोण शिरतं?
छपराच्या कडेशी तू काढायला वाकलास.
राहू दे, मी म्हणाले,
आणि ते जरा मोठ्यानंच निघालं.
गावातले सगळे म्हातारे वळले.

तेबाउ काहीच म्हणाला नाही.
त्यानं मांडी सोडली,
लुंगी गुडघ्यापर्यंत सारली
आणि पाय सरळ पुढे केला,
जो सभेत कुणासमोर करू नये.
दोन बोटं नव्हती त्याला.
मग परत मांडी घातली, आणि
पाण्याच्या टाकीचा विषय निघाला होता, तो पुढे चालू झाला.
तू सँडलसकट बसलास.
चटईला त्याचं काही वाटलं नाही.

काल रात्री तू स्वतःच
गळाच्या रिळाचा तुकडा कापून आणलास.
डोळे मिटलेस.
मी टेकवला. काही नाही, म्हणालास.
पुन्हा टेकवला. नाही.
टाचेला, नाही.
बाहेर लाटा आपलं ओढणं ओढत होत्या.
अंगठ्याच्या मुळाशी बराच वेळ गप्प राहिलास,
मग म्हणालास, माहीत नाही गं.

मी दिवा जवळ घेतला.
धागा गुंडाळून आरशाच्या मागे ठेवला,
उद्याला लागेल.