सहा लडी

रात्री साडेअकराला कॅमेऱ्यानं चौथ्यांदा
माझ्या गिरणीला कावीळ केली.

पन्नासास एक या मापात रंगखातं बांधलंय मी,
साखर पेठेतल्या या खोलीत, सात महिने खपून.
टूथपेस्टच्या ट्यूबा कापून पत्रे,
गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचे हौद,
धुराडं म्हणजे ड्रॉइंग पेपरची सुरळी,
आणि अगरबत्तीच्या काड्यांवर वाळत घातलेल्या
सुताच्या पंचवीस लडी.
त्यातल्या सहा पांढऱ्या.
सगळा घोळ त्या सहांचा.

ऑटोवर ठेवलं की ट्यूबलाइटखाली हिरवट,
शेवाळ धरल्यासारख्या.
टेबललॅम्प लावला तर तुपकट.
बल्बचं चिन्ह निवडलं की एका बाजूनं गारठून निळ्या,
आणि भिंतीचा गुलाबी ऑइलपेंट,
त्याला कुणी विचारलेलं नसताना,
प्रत्येक फोटोत थोडा थोडा येऊन बसतो.

मग लॅम्प विझवला. एकच उजेड ठेवला.
कोरा कागद मॉडेलपुढे धरला,
चौकट भरेल इतक्या जवळून टिपला,
कॅमेऱ्याला सांगितलं, हे पांढरं.
त्यानं मान्य केलं.
यंत्राचं बरं असतं.

"काय करालास रात्रीचं?"
वडील उठून बसले होते.
मी सांगितलं. अर्धं समजलं असावं,
पण कागद मागून घेतला,
ट्यूबखाली तिरका धरला,
अंगठ्यानं चोळला.
"तेल्लगा लेदुरा. नीळ आहे ह्यात."
झेरॉक्सच्या कागदात?
"सगळ्यात असती आता.
ह्याला पांढरं धरलास तर बाकीचं पिवळं पडणारच की."

एकतीस वर्षं रंगखात्यात.
मी पुस्तिकेची त्रेसष्ट पानं वाचली होती.

जानेवारीत त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.
डावा अजून रांगेत आहे.
मॉडेलपुढे उकिडवे बसून
त्यांनी उजवा झाकला: लडी चहात बुडवलेल्या.
डावा झाकला: नुकत्या फोडलेल्या चुन्याच्या.
पुन्हा उजवा. पुन्हा डावा.
पोरासारखं करत राहिले कितीतरी वेळ.
आणि दोन्ही उघडे ठेवले की?
"मग सवय," म्हणाले, "झोप आता.
शेड रात्री कुणी बघतं होय?
आमच्याकडं उत्तरेच्या खिडकीत बघायचे,
सकाळी दहाला.
मास्तर दुसऱ्या उजेडात सहीच करत नव्हता."

सकाळी गच्चीवर नेली गिरणी, दोघांनी धरून,
जिन्याच्या वळणावर धुराडं एकदा निखळलं.
एप्रिलचं ऊन दहालाच तव्यावर आलेलं,
पण टाकीमागे उत्तरेकडे सावलीचा एक पट्टा होता,
मॉडेल मावेल एवढा.
त्यांनी पेटीतून मांजरपाटाचा तुकडा आणला होता,
तीनदा उकळलेला, नीळ न दाखवलेला,
कधीचा, कशासाठी ठेवलेला, सांगितलं नाही.
तो मी कॅमेऱ्याला दाखवला.

लडी पांढऱ्या आल्या.
इतक्या सहज, की मला थोडा रागच आला.

फोटो त्यांना दिला.
पडदा नाकाला लावून एक डोळा, मग दुसरा.
लडींबद्दल काही बोलले नाहीत.
हौदाशी वाकलेल्या माणसावर नख टेकवलं,
सव्वातीन सेंटीमीटरचा, मी तारेवर घडवलेला.
"हा कोण?"
तुम्ही.
"हात बघ ह्याचे."

हात मी कातडीच्या रंगाचे केले होते.
नीट, दोन थर देऊन.

"कोपरापर्यंत निळे होते, बाबा.
सणाला पण. साबणानं जात नव्हते.
लग्नात हळद लावली,
तर हिरवे निघाले.
तुझी आई मांडवातच हसली."

सावलीचा पट्टा टाकीकडे सरकू लागलाय.
फार तर वीस मिनिटं.
मी खाली आलोय, शून्य नंबरचा ब्रश शोधतोय,
आणि वरून ते ओरडून सांगतायत
कुठला निळा.