भेग

उद्यमबागेत, चार नंबर शेडमध्ये
कॅमेऱ्याला भेग शिकवायचं काम
कल्लाप्पा मुचंडीकरकडं आलं.
पंपाची साडेतीनशे चांगली कास्टिंग, चाळीस फुटकी;
एकेका फोटोवर त्यानं बोटानं चौकट काढली:
ही बघ. ही पण. ही नव्हे,
ही वाळूची खूण.

आठवड्यानं यंत्र धडाधड माल नाकारू लागलं,
फक्त दुपारी तीननंतर.
कल्लाप्पानं वर बघितलं:
पत्र्याच्या फटीतून उन्हाची बारीक रेघ
पट्ट्यावर वाकडी पडलेली.
फुटक्यांचे फोटो सगळे दुपारपाळीचे.

‘त्याचं काय चुकलं गा,
आपणच ऊन दाखवलं.’

फट बुजवली. पुन्हा पहिल्यापासून फोटो.
मधेच एक कास्टिंग उचलून, सवयीनं,
त्यानं हातोडीची टिचकी मारली
आणि डोळे मिटून घेतले.