चीर

मोरिसेतच्या सपाता
दर वेळी ओव्हनमध्ये फुटतात.

सपाताच म्हणतात आमच्याकडे,
पोटात सफरचंद भरलेल्या, लोण्याच्या पदरांच्या
त्या अर्धगोल भाजणीला: शोसाँ.
नाव ज्यानं ठेवलं
त्याचे पाय गार पडले असणार.

नोव्हेंबर आहे.
तार्दुआर नदीवरून धुकं उठतं
आणि दुपारपर्यंत कुणाच्यातरी अंगणात बसून राहतं.
मी टोपलीभर रेनेट घेऊन
तिच्या मागच्या दारानं आत जातो.
अडतीस वर्षं पुढच्या दाराशी गेलो, टपाल घेऊन.
निवृत्त झाल्यावर माणसाला
मागचं दार मिळतं.

तिनं पीठ सकाळीच भिजवलेलं.
त्यात लोण्याची वडी ठेवते,
पाकिटात पत्र घालावं तशी,
चारी बाजूंनी बंद.
लाटते, तिहेरी घडी घालते, फ्रीजमध्ये ठेवते,
अर्ध्या तासानं पुन्हा.
आणि प्रत्येक घडीनंतर पिठात बोटं रुतवते:
एक खळी, दोन, तीन.
सहा खळ्या झाल्या की थांबायचं.
कागदावर काही नाही.

एकतीस वर्षं ती सपातांच्या कारखान्यात होती.
खऱ्या सपाता, लोकरी, चौकड्यांच्या.
तिथं सपात उलटी शिवायचे, आतलं बाहेर ठेवून,
मग अंगठ्याच्या जोरावर
एका झटक्यात सुलट.
मोरिसेत उलथणारी होती.
तिचे अंगठे अजून बाहेर वळलेले आहेत,
कुणालातरी वाट दाखवत असल्यासारखे.

कारखान्याला कुलूप लागल्याचं पत्र
मीच आणून दिलं होतं.
पातळ पाकीट.
पातळ पाकिटं मला हातात घेताच कळत.
तिनं सही केली
आणि विचारलं, "हे पेन तुझं की माझं?"

तर, चीर.
कुठल्याही पाककृतीत लिहिलेलं असतं:
वर एक चीर द्या, वाफेला वाट हवी.
मोरिसेत देत नाही.
"चीर गेलेला माल," ती म्हणते,
"बेर्तो साहेब टेबलावरून खाली ढकलायचे.
आणि पगारातून कापायचे."
बेर्तो साहेब जाऊन बारा वर्षं झाली.
ती कडा दाबते, अंड्याचा हात फिरवते,
सुरीच्या पाठीनं वर पानाच्या शिरा काढते,
हलक्या, हलक्या,
आरपार एकही नाही.

मग सतराव्या मिनिटाला शिवण उसवते.
रस ट्रेवर ओघळतो, तडतडतो, काळा पडतो.
थंड झाल्यावर मी तो खरवडून खातो.

आज तिचा उजवा अंगठा पट्टीत होता.
गुरुवारी आंगुलेमला शस्त्रक्रिया.
आठ सपाता मांडून झाल्या
आणि तिनं सुरी माझ्यापुढे धरली.
"घे, ईव्हों. तू दे."

मी?
माझा अख्खा जन्म
दुसऱ्यांची पाकिटं न फाडण्यात गेला.
उन्हाला धरून बघितलं नाही कधी,
वाफेवर धरणं तर दूरच.
सुरी हातात, आणि हात टपालखात्याचा.

एकीलाच दिली शेवटी.
वाकडी. पत्त्याखालच्या रेघेसारखी.

ओव्हनच्या काचेपुढे दोघं वाकून उभे राहिलो,
तिचा एक गुडघा वाजला, माझे दोन्ही.
त्या एकीतून वाफेचा बारीक दोरा निघाला,
सरळ वर,
कुणी सुईत ओवायला धरावा तसा.
ती काही बोलली नाही.
पट्टीतला अंगठा तेवढा हलला.

बाकीच्या सात फुटल्या, नेहमीसारख्या.

ती एक तिनं बशीत घालून मला दिली.
पदर सुटे, खुसखुशीत,
सफरचंद जागच्या जागी,
ओठांना चटका बसेल इतकं गरम.
"चांगली झालीय," मी म्हणालो.
खरंच झाली होती.

"हं," ती म्हणाली.
थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली,
मग त्या सात फुटक्यांचा ट्रे
आणि खरवडायचा चमचा
कोपरानं माझ्याकडे सरकवला.