पाकिटावर आईचं वजन

फ्रान्सिस गायकवाडांनी पाच बिया दिल्या तेव्हा
पाकिटावर शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं:
आई एकसष्ट किलो, बाप अठ्ठेचाळीस.
खाली तारीख, आणि
भिजवण्याआधी फोन करा.
खडकीच्या भंगारवाल्याकडे चौघांनी उचलून
काट्यावर ठेवला होता म्हणे तो भोपळा.
काटेवाल्यानं पैसे घेतले नाहीत.

माझी भोपळ्याशी ओळख
सहावीच्या गणितापुरती.
तरी घेतल्या.

पिंपरीच्या औषध कारखान्यात एकोणतीस वर्षं
मी शीतगृहाच्या तक्त्यात आकडे भरले,
त्यामुळे कशा ठेवायच्या हे कुणी सांगावं लागलं नाही.
आठ दिवस सावलीत, जुन्या पेपरावर.
मग कॅमेऱ्याच्या रिळाची काळी डबी,
तळाला भाजून गार केलेले चमचाभर तांदूळ,
झाकणाच्या कडेनं मेणबत्तीचं मेण,
आणि फ्रिजच्या दारात, सुधाकरच्या इन्सुलिनशेजारी.
वरच्या, बर्फाच्या कप्प्यात नाही.
तिथली झोप कधी कधी मोडतच नाही.

सात वर्षं.
पाहुणे विचारायचे, केशर का हो?
मी हो म्हणायचे.

या जानेवारीत सुधाकर म्हणाला,
लाव तरी, नाहीतर टाक.

फोन केला. पलीकडून खोकला, मग:
"कडा घासा, नखाच्या कानशीनं, हलक्या हातानं.
टोक सोडा. तिथून पाय निघतो.
कोमट पाण्यात चार तास, मग ओलं फडकं.
तीस अंश लागेल."
तीस!
मटकीला मी जन्मात थर्मामीटर लावला नव्हता.
ओट्यावर पहाटे चौदा.
घरभर फिरले पारा घेऊन;
सेट-टॉप बॉक्सच्या पाठीवर एकोणतीस निघाले.
मग टीव्ही बंद करायचा नाही असं ठरलं,
रात्रभर कुणाची ना कुणाची लग्नं मोडत राहिली
बिनआवाजाची.

दोन बिया तिसऱ्या दिवशी बुळबुळल्या, वास आला.
एक पहिल्यापासून तरंगत होती, तिचं काय बोलायचं.
चौथीनं काहीच केलं नाही,
अगदी सभ्यपणे.

गुरुवारी लाइट गेली. गुरुवारी जातेच.
पाचवी मी पिशवीसकट स्वेटरच्या आत, पोटाशी धरली
आणि तशीच बँकेत गेले
हयातीचा दाखला द्यायला.
यंत्राला माझा अंगठा तीनदा ओळखू आला नाही.
काउंटरवरची मुलगी म्हणाली,
आजी, हात फार गार आहेत, जरा ऊब द्या.
मी हात स्वेटरच्या आत घातला.
चौथ्या वेळी हिरवा दिवा लागला.
ती म्हणाली, झालं, आहात तुम्ही.

रात्री फडकं उलगडलं तर
टोकाशी तांदळाच्या कणीएवढं पांढरं.
सुधाकरनं चष्मा बदलून पाहिलं.
काही बोलला नाही, टीव्ही तेवढा बंद केला.

मग कळलं की वेलाला पाचशे चौरस फूट लागतात.
आमचं घर चारशे ऐंशी, बाल्कनी धरून.
गच्चीवर माती आणू नये असा सोसायटीचा ठराव आहे,
सूचक मीच.
गायकवाड हसले, पुन्हा खोकले.
"इकडे घेऊन या. क्वार्टरमागे जागा आहे,
खड्डा खणून शेणखत घातलंय, दरवर्षी घालतो.
फक्त मूळ पेल्याच्या तळाला लागायच्या आत या."

कागदी पेल्यावर मी पेन्सिलीनं लिहिलं:
आई एकसष्ट किलो.
पुढे जागा उरली होती.
क्षणभर वाटलं, माझंही लिहावं, चोपन्न.
खोडरबर शोधण्यात तो विचार गेला.

रविवारी, खडकीच्या बसमध्ये, पेला मांडीवर.
दोन जाड पानं, टरफल अजून एकीच्या टोकाला टोपीसारखं.
कंडक्टर म्हणाला, काय आहे त्यात?
भोपळा, मी म्हटलं.
त्यानं वाकून नीट पाहिलं,
आणि शेजारच्या माणसाला म्हणाला,
जरा सरकून घ्या साहेब,
बाईंचं सामान मोठं आहे.