खांद्यावरचा चेंडू

आमच्या घरात क्रूसाखाली एक काठी टांगलेली आहे.
हॉकीची नव्हे. हिचं पान रुंद,
तव्यावरच्या उलथन्यासारखं.
ब्रदर फिनबारने ती आयर्लंडहून आणली होती,
तिकडच्या हर्लिंग नावाच्या खेळातली,
ज्यात चेंडू खाली पडायची वाट कुणी बघत नाही.
कलिन्याच्या शाळेत त्याने ती आजोबांच्या हातात दिली
आणि म्हणाला, म्हणे, एवढंच:
पास्कू, आभाळातून येतंय ते आभाळातच घे.

झालं. तिथून घराण्याला खोड लागली.

आजोबा गिरणीकडून खेळले. शिट्टी.
पापा गोदीकडून. शिट्टी.
बेनीकाका एका मोसमात अकरा वेळा बाकावर.
हाय स्टिक, हाय स्टिक,
मला लहानपणी वाटायचं
हे आमचं आडनावच आहे,
मिस्किटा नुसतं कागदोपत्री.

काठी ॲशच्या लाकडाची. ॲश म्हणजे राख, म्हणून
राखेच्या बुधवारी पापा तिला अळशीचं तेल लावायचे,
कपाळावरची राख तेलात पडू नये म्हणून मान मागे घेऊन.
त्या वासात लिगोरी मोठा झाला. माझा थोरला भाऊ.

त्याची वही मी ठेवायचे.
निळ्या शाईत गोल, तारीख, मैदान, चिखल किती.
चौदाव्या वर्षी शालेय चषक, समोरचा गोलकीपर रडला.
एकोणिसाव्या वर्षी बँकेत नोकरी, खेळाडूंच्या कोट्यातून.
काउंटरवर तो बसायचा ते फक्त दुखापत झाली की;
गावठाणातल्या म्हाताऱ्या पासबुक घेऊन
मुद्दाम तेव्हाच जायच्या,
घोटा कसा आहे विचारायला.
दोनशे बारा गोल, निळ्या शाईत.
आणि वहीच्या मागून, उलटीकडून, पेन्सिलने
एकतीस, जे दिले नाहीत.

त्यातला एकोणतिसावा मी पाहिला.
निवड चाचणीचा शेवटचा दिवस. भारताच्या शिबिराची यादी
कुणाच्या तरी खिशात तयार होती.
उजवीकडून चेंडू उंच आला, इतका उंच की
सांताक्रुझला उतरणाऱ्या विमानाच्या पोटावर
क्षणभर पांढरा टिपका दिसला.
सगळे तो पडायची वाट बघत होते.
लिगोरीला वाट बघणं कुणी शिकवलंच नव्हतं.
काठी खांद्यावरून फिरली, फळी वाजली,
फळीच्या पाठोपाठ शिट्टी.
तो पंचाशी भांडलाही नाही. हसला.
हसण्याबद्दल पिवळं कार्ड.

त्या रात्री पापांनी सरंग्याची मोठी तुकडी
आपल्या ताटातून त्याच्या ताटात सरकवली.
कुणी काही बोललं नाही. कढी छान झाली होती.

मग गुडघा. मग दुसरा गुडघा.
मग रविवारी सकाळी पोरांना शिकवणं, शिट्टी गळ्यात,
आणि खरं सांगते, हाय स्टिक दिसली की
सगळ्यात जोरात तीच वाजायची.

पापा गेल्यावर चार-पाच वर्षांनी
नियम बदलला.
खांद्यावरचा चेंडू मारता येतो आता,
जवळ कुणी नसेल, धोका नसेल, तर.
बेनीकाकांनी पेपरातली ती ओळ दोनदा वाचायला लावली
आणि कानातलं यंत्र काढून ठेवलं.

परवा चर्चगेटच्या निळ्या टर्फवर
रोवेनाची मॅच होती. लिगोरीची धाकटी.
ओल्या टर्फवरून कुणीतरी चेंडू उचलला,
तो वर गेला, आणि मी पाहिलं,
पोरीने मान वर केली, पाय थांबवले नाहीत.
माझ्या शेजारी लिगोरीचे दोन्ही हात
बाकाच्या कडेला घट्ट.
काठी फिरली.
फळी.

मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या, कुणीतरी ढोल आणला होता,
तो पंचाकडेच बघत राहिला,
पंच मधल्या रेषेकडे चालू लागला तरी.

घरी येऊन मी वही उलटी उघडली,
पेन्सिल बरीच पुसट झालीय.
पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
स्वयंपाकघरातून लिगोरीचा आवाज:
तिचा डावा हात जरा खाली येतोय,
उद्या बघायला हवं.