निवडक तेरा

रुवीतल्या छपाईवाल्याने विचारलं,
कव्हरवर काय टाकू?
'सर्वोत्तम', नेविल म्हणाला, आणि आम्ही हसलो.
बावीस वर्षांत गाजलं ते एकच,
तेही नखलच्या सहलीत,
जनरेटर बंद पडल्यावर, अंधारात.

तेरा गाणी. सातव्यात एसीची घरघर आहे.
राहू दे ती, म्हणाला सुहृद;
त्याचा व्हिसा गुरुवारी रद्द होणार होता.

त्याचे ड्रम एका फिलिपिनो पोराने नेले,
ऐंशी रियालला, घासाघीस न करता.
त्याचंच जास्त लागलं.

आता गाडीत लावतो. सीबच्या सिग्नलला
दहावं संपतं,
मग सुहृद मोजतो, एक, दोन, तीन.
चार एडिटिंगमध्ये कापला गेलाय.
तो मी म्हणतो,
मागचा हॉर्न वाजवत असला तरी.